टीडी-डब्ल्यू८९७० व्ही१ : नौपाड्यातली तांब्याची लाईन आणि ओपनडब्ल्यूआरटीची दोन वर्षं

आधी हे सांगतो म्हणजे ज्यांना उपयोग नाही त्यांचा वेळ जायला नको. घरात फक्त फायबर असेल तर टीपी-लिंकचा टीडी-डब्ल्यू८९७० शोधत फिरू नका, थोडे पैसे अजून घातले की ५ गीगाहर्ट्झवाला साधा राउटर येतो आणि तुमच्यासाठी तोच बरा. पण घरी अजून तांब्याची फोन लाईन चालू आहे, त्यावर डीएसएल (फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट) आहे, आणि असलेला मोडेम सारखी लाईन सोडतोय असं असेल तर पुढचं वाचा. मी हा मोडेम दोन वर्षं ओपनडब्ल्यूआरटी टाकून, म्हणजे कंपनीचं फर्मवेअर (मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर) काढून त्याजागी एक मोफत, खुलं फर्मवेअर घालून, रोज वापरतोय आणि जुन्या डीएसएल मोडेममध्ये बाहेरच्या फर्मवेअरला इतकी नीट साथ देणारे फार थोडे आहेत असं माझं स्पष्ट मत झालंय.

आमची बिल्डिंग ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी, तळ अधिक तीन. बाबांचा लँडलाईन नंबर माझ्या शाळेपासूनचा, बँकेत तोच, पेन्शनच्या कागदांवर तोच, गावाकडच्या सगळ्या नातेवाईकांना तोच पाठ. माझ्या कामासाठी फायबर वेगळं घेतलं तेव्हा मी म्हटलं बाबा आता ती लाईन बंद करू, तर ते म्हणाले, "अरे तुझं तू घे नवीन, याला हात लावू नको." आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होते, कारण नंतर रस्त्याच्या खोदकामात फायबर दोन वेळा तुटलं तेव्हा घरात चालू असलेलं इंटरनेट म्हणजे ही लाईनच होती.

फक्त ती पावसात त्रास द्यायची. जून लागला की दिवसातून दहा-बारा वेळा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागायचा, बाबांचा व्हिडिओ कॉल तुटायचा, मग मोडेम बंद करून चालू करा, दोन मिनिटं थांबा. जुन्या मोडेमच्या पानावर वेग सोडून काहीच दिसायचं नाही, त्यामुळे गडबड लाईनमध्ये आहे की मोडेममध्ये हेच कळत नव्हतं. मला वेग वाढवायचा नव्हताच, मला नेमकं काय होतंय ते बघायचं होतं, आणि त्यासाठी असा मोडेम हवा होता ज्याच्या आत शिरता येतं.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आली, ती म्हणजे चिप. लोक मोडेमचं नाव बघून विचारतात की यावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं का, आणि उत्तर मिळतं हो चालतं, मग आणतात, टाकतात, आणि मग कळतं की वायर लावलेले पोर्ट चालतात पण डीएसएल चालत नाही, म्हणजे मोडेमचा नुसता स्विच, वायरी एकमेकांना जोडणारा डबा, झाला. ब्रॉडकॉमच्या बीसीएम६३ मालिकेतल्या चिपवाल्या मोडेमचं असंच आहे, ओपनडब्ल्यूआरटी त्यावर बूट होतं पण डीएसएलचा ड्रायव्हर खुला नसल्यामुळे फोनच्या लाईनशी बोलणारा भाग गप्प राहतो, वायफायही बऱ्याचदा अर्धवट. त्याच्याही आधीचे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एआर७ चिपवाले मोडेम होते, त्यांच्यासाठी राउटरटेक नावाचं वेगळं फर्मवेअर निघायचं आणि त्या काळी ते खूप चांगलं होतं, पण आज त्या मोडेमची मेमरी कशालाच पुरत नाही.

डब्ल्यू८९७० च्या व्ही१ मध्ये लँटिकची व्हीआरएक्स२६८ चिप आहे. लँटिक म्हणजे मूळची इन्फिनिऑनची शाखा, २००९ मध्ये वेगळी झाली, २०१५ मध्ये इंटेलने घेतली आणि २०२० मध्ये इंटेलचा तो सगळा विभागच मॅक्सलिनिअरकडे गेला. एवढे मालक बदलले तरी आपल्या कामाची गोष्ट टिकली, ती ही की लँटिकने आपलं सॉफ्टवेअर ओपनडब्ल्यूआरटीच्याच पायावर बांधलं होतं आणि डीएसएलच्या ड्रायव्हरचा कोड खुला केला होता. चिपच्या आत चालणारी डीएसएलची छोटी फर्मवेअर फाईल अजून बंदच आहे, पण ती ओपनडब्ल्यूआरटीच्या पॅकेजमध्ये आयती येते. म्हणून या चिपच्या मोडेमवर नवीन फर्मवेअर टाकलं तरी डीएसएल जिवंत राहतं, आणि माझ्या दृष्टीने सगळी किंमत याचीच आहे.

बाकी हार्डवेअर असं: प्रोसेसर ५०० मेगाहर्ट्झ, रॅम ६४ एमबी, फ्लॅश ८ एमबी, चार गीगाबिट पोर्ट, दोन यूएसबी, वायफाय फक्त २.४ गीगाहर्ट्झ ३०० एमबीपीएसवालं, पण त्याची चिप अॅथेरॉस कंपनीची असल्यामुळे त्याचा ड्रायव्हर पूर्ण खुला आणि अनेक वर्षं घासून पक्का झालेला. खोक्यावर एडीएसएल२ प्लस एवढंच लिहिलेलं असतं पण चिपला व्हीडीएसएल२ (डीएसएलचा जास्त वेगवान प्रकार) सुद्धा जमतं, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते चालू करता येतं. आमच्या लाईनला त्याचा उपयोग नाही म्हणून मी ते करून बघितलं नाही.

घेताना मागच्या स्टिकरचा फोटो मागवा. त्यावर व्हर्जन लिहिलेलं असतं, आणि ओपनडब्ल्यूआरटीची इमेज व्ही१ साठी बनलेली आहे. एकाच नावाच्या मोडेममध्ये पुढच्या व्हर्जनला आतली चिपच बदललेली असते, हे या धंद्यात सर्रास चालतं. मला पहिल्यांदा एका विक्रेत्याने "सेम आहे दादा, काही फरक नाही" असं सांगून दुसरं व्हर्जन दाखवलं, मी स्टिकर वाचला आणि परत आलो. नंतर वर्तकनगरच्या एका माणसाकडे व्ही१ मिळाला, साडेचारशे रुपये, अँटेना तिन्ही जागेवर, अडॅप्टर नाही.

अडॅप्टरवर थोडं जास्त लिहितो कारण इथे माझा एक महिना वाया गेला. १२ व्होल्टचा कुठलाही चालेल म्हणून मी बाजारातून बिननावाचा घेतला. मोडेम चालू व्हायचा, छान चालायचा, आणि रात्री वायफायवर दोन फोन आणि टीव्ही एकदम आले की आपोआप रीस्टार्ट. मी फर्मवेअरला दोष देत बसलो, तीन वेळा वेगळं व्हर्जन टाकून बघितलं. शेवटी मल्टीमीटर लावला तर लोड आल्यावर त्या अडॅप्टरमधून साडेदहा व्होल्टच येत होते. चांगला अडॅप्टर आणला त्या दिवसापासून एकही रीस्टार्ट नाही. तेव्हा जुना मोडेम रीस्टार्ट होतोय म्हणून फेकू नका, आधी व्होल्ट मोजा.

आता फर्मवेअर टाकणं. मी सीरियलचा रस्ता घेतला, म्हणजे बोर्डला थेट केबल लावून लॅपटॉपवरून आत शिरायचं. बोर्डवर सीरियलसाठी जागा असते, तिथे पिना लावायला लागतात, माझा हात सोल्डरिंगला बसलेला नाही म्हणून गोखले रोडच्या एका गल्लीत मोबाईल रिपेअर करणारे काका आहेत त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, फक्त चार पिना लावायच्यात." त्यांनी बोर्ड उलटा करून बघितला आणि विचारलं, "चालत नाहीये का?" मी म्हटलं चालतोय, पण याचं आतलं सॉफ्टवेअर बदलायचंय. "मग बसा इथे, पाच मिनिटं," म्हणाले, आणि खरंच पाच मिनिटांत इतकं स्वच्छ काम करून दिलं की मी आजही कुणाला काही जोडून हवं असेल तर त्यांच्याकडेच पाठवतो. साठ रुपये घेतले.

सीरियलची केबल ३.३ व्होल्टवालीच घ्या, ५ व्होल्टची लावली तर चिप जाऊ शकते. ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स (पाठवणारी) आरएक्सला (घेणारीला) आणि आरएक्स टीएक्सला, व्होल्टवाली चौथी तार लावायचीच नाही. वेग ११५२००. लॅपटॉपवर बूटलोडरचं (मोडेम चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं) लिखाण धावायला लागलं की तिथे थांबवायचं आणि टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वायरवरून फाईल पाठवायच्या साध्या पद्धतीने, इमेज पाठवायची.

पण त्याच्याही आधी एक काम करा, आणि हे मी हात जोडून सांगतो, पूर्ण ८ एमबी फ्लॅशचा बॅकअप घ्या. त्या फ्लॅशमध्ये फर्मवेअर तर असतंच, शिवाय तुमच्याच मोडेमचा मॅक अॅड्रेस आणि वायफायची मोजमापं असतात, आणि ती दुसऱ्या कुठल्या मोडेमवरून आणून लावता येत नाहीत. मी पहिल्या प्रयत्नात चुकीच्या जागी लिहायला सुरुवात केली होती, दोन सेकंदात लक्षात आलं आणि थांबवलं, आणि केवळ बॅकअप होता म्हणून तो मोडेम आज चालू आहे.

टाकल्यावर १९२.१६८.१.१ वर पान उघडतं, पासवर्ड काहीच नसतो, तो पहिल्यांदा लावा. वायफाय मुद्दाम बंद असतं, ते चालू करून देश भारत निवडा. मी २३.०५ चालवतोय. कुणाकडे फार जुनं ओपनडब्ल्यूआरटी आधीपासून असेल तर लक्षात ठेवा की २२.०३ पासून या चिपवर स्विच चालवायची पद्धत बदलली आहे, जुनी सेटिंग तशीच पुढे नेता येत नाही, नव्याने भरायची. डीएसएलच्या भागात अॅनेक्स ए (साध्या फोन लाईनवरचा प्रकार), लाईन एडीएसएल, एटीएम ब्रिज (एटीएम म्हणजे इथे डेटा छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत), आणि व्हीपीआय-व्हीसीआय म्हणजे त्या जोडणीचे ओळखीचे दोन आकडे. हे दोन आकडे तुमच्या जुन्या मोडेमच्या पानावर असतात, तो बंद करायच्या आधी उतरवून ठेवा, नंतर फोन करून विचारायला गेलात की अर्धा दिवस जातो.

आणि मग ते दिसलं ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. डीएसएलचं एक छोटं पॅकेज टाकलं की लाईनचा आलेखच समोर येतो. एडीएसएल२ प्लस म्हणजे एकाच तारेवर ४.३१२५ किलोहर्ट्झच्या ५१२ पट्ट्या, फोनचा आवाज सगळ्यात खालच्या ४ किलोहर्ट्झमध्ये आणि डेटा त्याच्या वर थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि प्रत्येक पट्टीवर किती बिट बसले ते या आलेखात वेगवेगळं दिसतं. आमच्या लाईनचं अॅटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती क्षीण होतो ते, ३८ डीबी निघालं. साधारण १३.८ डीबीला एक किलोमीटर असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे एक्स्चेंजपासून तार जवळजवळ पावणेतीन किलोमीटर फिरून येते. वेग ७.९ एमबीपीएस, वर जाणारा ९५० केबीपीएस. या अंतराला हे ठीक आहे, म्हणजे वेगासाठी मोडेमला किंवा कुणालाही बोल लावायचं कारण नव्हतं.

आलेखात एक गोष्ट बघून मी बाबांना हाक मारली. १२९ नंबरच्या पट्टीपाशी एक खोल खड्डा. ४.३१२५ ला १२९ ने गुणलं तर ५५६ च्या वर थोडं, आणि ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. आपल्या फोनची तार लांबच्या लांब अँटेनासारखी रेडिओ पकडते आणि तेवढ्या पट्टीवर मोडेम बिट ठेवत नाही. बाबा सकाळी जे स्टेशन लावतात ते त्यांच्याच इंटरनेटच्या आलेखात दिसत होतं, ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे ही तार सगळं ऐकते." अगदी बरोबर आहे ते. कंपनीच्या मूळ पानांवर हे असं कधी बघायला मिळालं नसतं.

पावसाचा उलगडाही इथेच झाला. कोरड्या दिवसात मार्जिन (गोंगाटापेक्षा सिग्नल गरजेहून किती वर आहे ते) ६ डीबीच्या आसपास स्थिर, आणि पाऊस सुरू झाला की एक-दोन तासात ते घसरत घसरत १ वर यायचं आणि लाईन तुटायची. म्हणजे कुठेतरी जोडात पाणी. मी दोन गोष्टी केल्या. पहिली, घरातल्या तीन जुन्या समांतर जोडण्या काढून टाकल्या, फोन आत येतो तिथेच एक चांगला स्प्लिटर (आवाज आणि डेटा वेगळे करणारी डबी) लावला आणि मोडेम थेट त्याला. नुसत्या एवढ्याने १.५ डीबी सुधारलं, आणि हे कुठल्याही मोडेमवर करता येतं, फुकट आहे. दुसरी, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मार्जिनचं लक्ष्य बदलता येतं, तिथे ३ डीबी वाढवले. ३ डीबीला प्रत्येक पट्टीवर साधारण एक बिट कमी बसतो, पट्टी सेकंदाला ४००० वेळा बिट पाठवते, आणि वापरातल्या पट्ट्या जवळपास तीनशे, म्हणजे १.२ एमबीपीएस जायला हवेत. प्रत्यक्षात ७.९ चे ६.८ झाले. आणि लाईन तुटणं दिवसाला दहा-बारावरून आठवड्याला एक-दोनवर आलं. एक एमबीपीएस देऊन मला पावसाळाभर चालणारी लाईन मिळाली, असा सौदा मी कधीही करेन. बरेच लोक याच सेटिंगने उलट दिशेला जाऊन वेग वाढवतात, तार चांगली कोरडी असेल तर तेही जमतं.

तिसरी गोष्ट एसक्यूएम, म्हणजे डेटाची रांग तुंबू न देणारं पॅकेज. ज्यांची लाईन बारीक आहे त्यांच्यासाठी फर्मवेअर बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच. वर जाणारा वेग एक एमबीपीएससुद्धा नाही, त्यात आईच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की रांग तुंबते आणि बाबांच्या कॉलवर समोरचा माणूस गोठतो. एसक्यूएममध्ये केक नावाची पद्धत निवडून खाली येणारा ६०००, वर जाणारा ७५० केबीपीएस असे आकडे टाकले. एटीएमवर प्रत्येक ५३ बाइटच्या सेलमध्ये कामाचे ४८ च असतात, तो हिशोब धरायला लिंकचा प्रकार एटीएम आणि ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागे जास्तीचे बाइट) ४४ ठेवलं, हे विसरलात तर आकडे बरोबर टाकूनही रांग तुंबतेच. आता बॅकअप चालू असतानाही कॉल चालतो. नागपूरला आत्याशी बाबांचं रविवारचं बोलणं तासभर चालतं आणि मधे एकदाही "ऐकू येतंय का" म्हणावं लागत नाही.

मर्यादाही सांगतो. ८ एमबी फ्लॅश म्हणजे जागा खरंच कमी, एसक्यूएम आणि डीएसएलचं पान टाकल्यावर फार काही उरत नाही, जाहिराती अडवणारं मोठं पॅकेज, व्हीपीएन, यूएसबीवर फाईल शेअरिंग असं सगळं एकत्र बसवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ६४ एमबी रॅमवर मोठ्या याद्या लोड केल्या की मोडेम अडखळतो. एकदा १०० एमबीपीएसचं फायबर यातून घेऊन बघितलं, ८५-९० मिळाले आणि प्रोसेसर पूर्ण भरला, एसक्यूएम लावल्यावर ४० च्या खाली. म्हणून फायबरला मी वेगळाच राउटर ठेवलाय. वायफायही २.४ असल्यामुळे आमच्यासारख्या दाट वस्तीत, जिथे भिंतीपलीकडे पंधरा-वीस नेटवर्क दिसतात, तिथे दोन खोल्यांपलीकडे अपेक्षा ठेवू नका. डीएसएलच्या वेगाला ते पुरतं.

१२ व्होल्टवर चालतो म्हणून फायबरवाले देतात तसला छोटा यूपीएस याला लावता येतो, यूपीएसचे अँपिअर तेवढे बघून घ्या. लाईट गेली तरी बाबांच्या खोलीतलं वायफाय अडीच तास चालू राहतं. आणि विजा कडाडायला लागल्या की फोनची तार मोडेममधून काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण झटका तारेतून येतो.

ऐरोलीच्या मामाकडे अजून तांब्याची लाईन आहे, त्याच्यासाठी मी दुसरा व्ही१ शोधतोय, साडेपाचशेपर्यंत द्यायला तयार आहे, अडॅप्टर नसला तरी चालेल. आमच्या इथे खालच्या डीपी बॉक्समधला (फोनच्या तारा वाटणाऱ्या पेटीतला) एक जोड हिरवा पडलेला लाईनमनने परवा दाखवला, तो मे महिन्यात बदलून देतो म्हणालाय. तो बदलला की मार्जिन परत ६ वर आणून पहिल्या पावसात आलेख बघणार आहे, जो काही आकडा येईल तो इथेच खाली लिहीन.